बर्फाखालच्या मासोळीचा जमाखर्च

प्रश्न : गेल्या जानेवारीत आम्ही उभयता लेकीकडे कॅनडात होतो. तेथे गोठलेल्या तलावावर लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. अशाच एका भोकातून डोकावले, तर बोटाएवढ्या मासोळ्या सावकाश फिरताना दिसल्या. मोठ्या माशांचे एक वेळ समजू शकते. पण खायला फारसे काही नसताना या इवल्या जिवांना सारा हिवाळा पुरेल एवढी ऊर्जा कोठून मिळते?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : ‘मोठ्या माशांचे एक वेळ समजू शकते’ असे आपण जाता जाता लिहिले आहे, आणि खरी मेख तेथेच आहे, मात्र तेथपर्यंत पोचण्याआधी थंडीचा हिशेब पाहावा लागेल.

गोडे पाणी सर्वांत जड होते ते सुमारे ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि गोठते, म्हणून वरची हवा उणे ३० अंशांवर गेली तरी खोल तलावाच्या तळाशी पाणी ४ अंशांच्या जवळपास टिकून असते. माशाच्या रक्ताचा प्रत्येक फेरा कल्ल्यांतून, म्हणजे पाण्याच्या अगदी लगतून, होत असल्याने त्याच्या अंगात ऊब साठत नाही. लहान मासोळीचे शरीर पाण्याइतकेच गार असते. थंडी पडली की आपली भूक वाढते, पावले सराफा बाजारातल्या गराडूकडे, म्हणजे तळलेल्या कंदाकडे, वळतात, कारण आपल्याला अंग ३७ अंशांवर राखायचे असते. माशाला ते राखायचेच नसल्याने त्याचे गणित नेमके उलटे चालते. तापमान १० अंशांनी उतरले की त्याचा ऊर्जाखर्च साधारण निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात २४ अंशांच्या पाण्यात राहणारा मासा ४ अंशांच्या पाण्यात आला, की त्याचा खर्च चौथ्या ते नवव्या हिश्शापर्यंत घसरतो.

तरीही तो शून्यावर येत नाही. हृदय चालू ठेवावे लागते, आणि गोड्या पाण्यातल्या माशाला आणखी एक नित्याचा खर्च असतो : त्याचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असल्यामुळे पाणी सतत आत शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. आलेले पाणी पातळ मूत्रावाटे टाकणे आणि गेलेले क्षार कल्ल्यांनी परत ओढून घेणे, हे काम उपाशीपोटीही थांबवता येत नाही. थंडीत पेशींची आवरणेही बदलावी लागतात. आपल्याकडे पौष-माघात खोबरेल तेल बाटलीत थिजते, पण शेजारच्या बाटलीतले तिळाचे तेल वाहते राहते. कारण दोन्ही तेलांतली स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) वेगळी असतात. पाणी गार होऊ लागले की मासा आपल्या पेशींच्या आवरणांत खोबरेलासारखी थिजणारी स्निग्धाम्ले कमी आणि न थिजणारी जास्त करतो, म्हणून ती आवरणे ताठरत नाहीत.

आता आपल्या त्या वाक्याकडे येतो. शिल्लक, म्हणजे अंगातली चरबी, ढोबळमानाने वजनाच्या प्रमाणात असते. खर्च मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. माशांमध्ये तो साधारणपणे वजनाच्या ०.८ या घाताप्रमाणे बदलतो, म्हणजे वजन दहापट झाले तर खर्च सुमारे सहापटच होतो, असे धरले, तर एक ग्रॅमची मासोळी दर ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या माशाच्या दीडपटीहून अधिक खर्च करते. दोघांच्या अंगात चरबीचा हिस्सा सारखाच असला, तर मोठ्याची शिदोरी जेव्हा नुकती संपत आलेली असते, तेव्हा धाकटी मासोळी स्नायूंतली प्रथिने जाळू लागलेली असते. प्रत्यक्षात लहानग्यांच्या अंगात चरबीचा हिस्साही बहुधा कमीच असतो, कारण उन्हाळ्यात मिळालेले अन्न लांबी वाढवण्यात घालावे की साठवण्यात, हा पेच त्यांना सुटलेला नसतो. लांबी वाढली नाही तर मोठे मासे गिळतात, आणि साठवण झाली नाही तर फेब्रुवारी-मार्च गाठवत नाही.

म्हणूनच उत्तरेकडच्या तलावांत हिवाळ्याचा निकाल पुष्कळसा शरद ऋतूतच लागलेला असतो. शूटर आणि पोस्ट या कॅनडातील अभ्यासकांनी १९९० मध्ये स्मॉलमाउथ बास आणि यलो पर्च या माशांबाबत असे दाखवले, की त्यांची उत्तरेकडची हद्द ठरते ती त्या वर्षी जन्मलेली पिल्ले पहिल्या हिवाळ्याचा उपास सोसण्याइतकी मोठी होतात की नाही यावर. उन्हाळा आखूड असेल, तर पहिलाच हिवाळा पिल्लांची शिदोरी संपवतो.

त्या आखूड उन्हाळ्यातही गार आणि उबदार पाण्याचा उपयोग मासे फार हुशारीने करतात. ब्रिटिश कोलंबियातील बाबीन तलावात सॉकआय सामनची पिल्ले संध्याकाळी आणि पहाटे उबदार पृष्ठभागाजवळ खातात आणि दिवसभर खाली गार पाण्यात राहतात. त्यामुळे खर्च वाचतो, असे स्पष्टीकरण मत्स्यशास्त्रज्ञ ब्रेट यांनी १९७१ मध्ये मांडले. याउलट युटा आणि आयडाहो या राज्यांच्या सीमेवरील बेअर तलावातली स्कल्पिन या लहान माशाची पिल्ले दिवसा तळाच्या गार पाण्यात पोट भरतात आणि रात्री वरच्या उबदार पाण्यात येतात, कारण तेथे अन्न लवकर पचते आणि पोट पुन्हा भरायला मोकळे होते. अन्न तुटपुंजे असेल तर गारव्यात राहून वाचवावे आणि मुबलक असेल तर उबेत पचवावे, असा हा व्यवहार दिसतो, आणि कोणत्याही मुरब्बी गृहिणीला तो पटावा.

प्रश्न : काही मासे हिवाळ्यात अंगात दारू तयार करतात असे वर्गात कोणीतरी सांगितले. हे खरे की थाप?
— एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : खरे आहे. उथळ तळ्यावर बर्फ आणि त्यावर हिम साचले की उजेड अडतो, पाणवनस्पतींकडून ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि तळाशी कुजणारा पाला उरलासुरला ऑक्सिजन संपवतो. बहुतेक मासे अशा वेळी गुदमरतात. उत्तर युरोपातल्या तळ्यांतला क्रूशियन कार्प मात्र महिनोन्‌महिने तगतो. ऑक्सिजनशिवाय साखर जाळली की लॅक्टिक आम्ल साचून विषारी ठरते; हा मासा त्याचे इथाइल अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. त्यामागची विकरे (एन्झाइम) कोणती, हे ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१७ मध्ये उलगडले. त्याच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळते. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे!

हा सौदा मात्र महागाचा असतो. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेची सुमारे ३० नाणी, म्हणजे एटीपीचे रेणू, मिळतात. येथे दोनच हाती लागतात आणि उरलेले इंधन अल्कोहोलच्या रूपाने पाण्यात वाहून जाते. म्हणून हा मासा हिवाळ्याआधी यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा, प्रचंड साठा करतो, आणि तो संपला की माशाचाही शेवट होतो.

घराघरांतल्या टाक्यांमधला गोल्डफिश याच कुळातला असून त्यालाही ही विद्या अवगत आहे. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा तो दाण्याकडे ढुंकून पाहत नसेल तर ते सहसा आजाराचे लक्षण नसते. दाणे कमी टाकावेत आणि उरलेले त्याच दिवशी काढून घ्यावेत; कारण तेही कुजताना त्या पाल्यासारखेच पाण्यातला ऑक्सिजन खातात.