सोपं चालतं, अवघड चालतं, मधलंच का नको?

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, सीईटी देणार आहे. अकरावीचे झालेले धडे पुन्हा पुन्हा सोडवतो, नाहीतर ऑलिंपियाडची गणितं घेऊन बसतो. सीईटीची जुनी प्रश्नपत्रिका पुढे केली की हात लावत नाही. रविवारी क्लासची टेस्ट असली की पोट दुखतं. हा आळस समजायचा का? – एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आळशी मुलगा ऑलिंपियाडच्या वाटेला जात नाही. ही अपयशाची धास्ती आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन अॅटकिन्सन यांनी १९५७ मध्ये याचं सूत्रच मांडलं. यशाची ओढ किती, हे जमण्याची शक्यता गुणिले जमल्याचं मोल यावर ठरतं आणि काम जितकं अवघड तितकं मोल जास्त (१ वजा जमण्याची शक्यता). दहात नऊदा जमणाऱ्या गणिताला ०.९ × ०.१, म्हणजे ०.०९. दहात एकदाच जमणाऱ्यालाही तेवढंच. निम्म्या वेळा जमणाऱ्याला मात्र ०.५ × ०.५, म्हणजे ०.२५. ओढ जबर असलेली मुलं म्हणून मधलं काम उचलतात. गोम अशी, की धास्तीचा हिशेबही हाच, फक्त उणे चिन्ह लावून. त्यामुळे धास्तावलेल्याला मधलंच सर्वांत जास्त टोचतं. ऑलिंपियाडचं गणित सुटलं नाही तर कोण नावं ठेवणार? सीईटीचं चुकलं की मात्र ‘एवढंही येत नाही?’

‘घाबरू नकोस’ म्हणून हे जात नाही. चुकणं स्वस्त करावं लागतं. एका धड्याचे जुने २० प्रश्न, घड्याळ न लावता. तपासणार तोच, मार्क कुणालाच दाखवायचे नाहीत, तुम्हालाही नाहीत. ८ ते १२ बरोबर आले तर पातळी नेमकी आहे. १७च्या वर गेले तर कठीण प्रश्न घ्यावेत, ५च्या आत राहिले तर आधी पुस्तकात सोडवून दाखवलेली उदाहरणं पाहावीत. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं : सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली की प्रश्नच नीट वाचला नाही. कारण सापडलं की ‘मला येत नाही’ची धार बरीच बोथट होते.

आठवड्याने घड्याळ. भौतिक-रसायनचे १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे २० प्रश्नांना १८ मिनिटं. पण सुरुवात ३० मिनिटांनी करा, मग २४, मग १८. चुकीच्या उत्तराला सीईटीत गुण कापत नाहीत, हेही त्याला आठवणीत राहू द्या.

बिघडतं ते इथे : दोन दिवस बरे गेले की घरचे थेट पूर्ण पेपर पुढे ठेवतात, किंवा तो दारात असतानाच ‘किती पडले?’ विचारतात. त्याऐवजी ‘आज कुठे अडलास?’ एवढंच विचारा.

पोटदुखी टेस्ट नसतानाही होत असेल किंवा झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, त्यावर त्याला स्वतःलाही बोलता येईल.