डेर, डी आणि डास : तुमचे प्रश्न, जर्मनच्या बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, मुलगी आठवीत आहे. सातवीपर्यंत मराठी माध्यम, आता सेमी. शाळेत संस्कृत की जर्मन विचारलं तेव्हा हौसेने जर्मन घेतलं, पण वर्गात सगळं इंग्लिशमधून समजावतात आणि पहिल्या टेस्टला 20 पैकी 7 पडले. 'मला थंडी वाजतेय'चं जर्मन तिने 'इश बिन काल्ट' लिहिलं, त्यावर लाल फुली. डेर-डी-डास, म्हणजे नामाआधी लागणारे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी शब्द, रात्री घोकते आणि सकाळी विसरते. अजून बदलता येतंय, तर संस्कृत घेऊ का?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, संस्कृत आवडत असेल तर जरूर घ्या, पण जर्मनला घाबरून नका घेऊ, कारण तिथेही तीन लिंगं आणि विभक्त्या आहेतच, उलट जर्मनच्या चारच विभक्त्या तिथे आठ होतात. आणि गंमत बघा, जर्मन शिकवणाऱ्या आपल्या मॅक्सम्युलर भवनाला ज्याचं नाव आहे तो माक्स म्युलर स्वतः जर्मन, 1823 साली डेसाऊला जन्मला, वर्षानुवर्षं ऑक्सफर्डात बसून ऋग्वेदाची आवृत्ती काढली आणि भारतात एकदाही आला नाही! म्हणजे या दोन भाषांचं भांडण शाळेच्या टाइमटेबलपुरतंच.

आता ती लाल फुली. तुमच्या मुलीने मनात आधी 'आय अ‍ॅम कोल्ड' केलं आणि त्याचं जर्मन केलं, तिथेच घोटाळा झाला. 'इश बिन काल्ट' म्हणजे मीच थंड आहे, अंगाने किंवा स्वभावाने. जर्मन माणूस म्हणतो 'मिअर इस्ट काल्ट', आणि 'मिअर' म्हणजे काय, तर 'मला'. आपण कुठे म्हणतो 'मी थंडी आहे'? मला थंडी वाजते, मला आवडतं, मला बरं वाटत नाही, तसंच तिकडे 'एस गेफेल्ट मिअर', मला आवडतं. इंग्लिशमधून शिकणाऱ्या मुलांना हे 'मिअर' महिनोन्‌महिने छळतं आणि आपल्या घरात ते दिवसातून पन्नास वेळा बोललं जातं. दर वेळी जमतं असं नाही हं, भूक लागली की जर्मन माणूस 'इश हाबं हुंगर' म्हणतो, 'मला भूक लागली' असं नाही, 'माझ्याकडे भूक आहे' टाइप, पण अशा जागा वेगळ्या लिहून ठेवायच्या. वर्गात बाईंनी इंग्लिशमधून सांगू दे, घरी आल्यावर प्रत्येक वाक्याशेजारी तिने मराठी लिहायचं, इंग्लिश नाही. माझ्या वर्गात हा नियमच आहे.

डेर-डी-डासचं म्हणाल तर तो भात, ती पोळी, ते वरण हे तिला कोणी घोकायला लावलं होतं का? इंग्रजी माध्यमातली मुलं 'वस्तूला कसलं लिंग' म्हणून वैतागतात, आपल्या मुलांना तो प्रश्नच पडत नाही. फक्त आपलं लिंग तिकडे चालत नाही, आपली खुर्ची 'ती' तर त्यांचा श्टूल 'डेर', आपलं दार 'ते' तर त्यांची ट्यूर 'डी'. जेवणाच्या टेबलावर तर तिन्ही लिंगं हजर, चमचा डेर, काटा डी, सुरी डास. मुलगीसुद्धा 'डास मेडशेन', नपुंसकलिंगी, यावर दरवर्षी कोणीतरी मुलगी चिडते आणि मी तिला विचारते, घरी आजी तुला 'काय ते पोरगं' म्हणते की नाही? 'शेन' लागून शब्द लाडाचा किंवा छोटा झाला की तो 'डास'च होतो. म्हणून शब्द कधीच एकटा पाठ करायचा नाही, डेर-डी-डाससकट करायचा. आमच्याकडे डेर निळ्या पेनाने, डी लाल, डास हिरव्याने, आणि डासचा शब्द आला की सगळ्यांनी टाळी वाजवून डास मारायचा. शेजारच्या वर्गातून तक्रार आलीय, पण शब्द विसरत नाहीत पोरं.

प्रश्न : मॅडम, ओरलमध्ये सरांनी 'हाल्ब द्राय' म्हटलं, मी घड्याळात साडेतीन दाखवले. सर म्हणाले चूक. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, मग साडेतीनच ना?
– आठवीतला विद्यार्थी, ठाणे

उत्तर : नाही रे बाळा, अडीच! तिसरा तास अर्धा झालाय, पुरा नाही. हे तुला विचित्र वाटतंय पण आपला 'अडीच' शब्दच मुळात संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा, हुबेहूब हाल्ब द्राय. 'दीड'लाही त्यांच्याकडे 'आन्डर्टहाल्ब' आहे, दुसरा अर्धा. आपण पुढे साडेतीन-साडेचार करून गाडी वेगळ्या रुळावर नेली, त्यांनी नाही नेली, फिअर म्हणजे चार, म्हणून हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन. लक्षात ठेवायला एकच युक्ती, जर्मन साडे कायम पुढच्या तासाचं नाव घेतं.

आकड्यांना मात्र तू राजा आहेस. 21 म्हणजे आइन-उंट-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस, आपलं एकवीस. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि जर्मनीतही आधी वीस मग एक असं वाचा म्हणणारी मंडळी आहेत. फक्त 29 ला सांभाळ, आपलं एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, त्यांचं सरळ नऊ आणि वीस.

प्रश्न : मुलगा-सून जर्मनीत, नातू तिकडच्या शाळेत दुसरीत. गणितात 1 मिळाला म्हणून त्यांनी पेढे वाटले! शिवाय जानेवारीत त्याच्या वाढदिवसाला इथून बरोबर रात्री बाराला फोन लावला तर नातू रुसला, बोलेचना. माझं काय चुकलं?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : काका, पेढे बरोबर वाटले, तिकडे 1 म्हणजे सगळ्यात भारी आणि 6 म्हणजे पार नापास.

वाढदिवसाचं असं की जर्मन लोक आगाऊ शुभेच्छा अशुभ मानतात, मुलं हे शाळेत मित्रांकडून पटकन उचलतात. तुमचे बारा वाजले तेव्हा हिवाळ्यामुळे तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात होते. पुढच्या वर्षी इथून सकाळी साडेअकराला लावा, तिकडे सात वाजलेले असतील, शाळेत जायच्या आधी सापडेल.