‘आवाज घुमतो’ : तक्रार एक, बिघाड चार

प्रश्न असा आहे : “आम्ही गावातल्या खंजिरी भजनाचे आणि शेतीकामाचे व्हिडिओ करतो. पाहणारे म्हणतात, ‘आवाज घुमून राहिला.’ एडिटिंग करणाऱ्याला ‘घुमणं काढून दे’ म्हटलं, तर त्यानं खालचे सूर कापणारा फिल्टर लावला. आवाज पातळ झाला, घुमणं तसंच राहिलं. इको, रिव्हर्ब, हम, फीडबॅक यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत काय? ‘गेन’ला काय म्हणावं? आणि ‘माइक’ लिहावं की ‘माईक’?”

एडिटिंगवाल्याची यात फारशी चूक नाही. त्याच्या हाती दिलेला शब्दच चार वाटांना फुटतो. पारवा घुमतो, डफ घुमतो, अंगात आलेला माणूसही घुमतो. या साऱ्यांत आवाज गोल, जड आणि लांबत जाणारा असतो, आणि ‘घुमणे’ने तेवढेच सांगितले जाते. तो का लांबला, हे त्यात येत नाही. विदर्भात हिंदीच्या शेजाराने आणखी एक अर्थ चिकटला आहे : ‘घुमाले गेला’ म्हणजे फिरायला गेला. म्हणून हेडफोनमध्ये डाव्या कानातून उजव्या कानात सरकणाऱ्या आवाजालाही कोणी ‘घुमतो’ म्हणते. तो तर बिघाडसुद्धा नाही.

ध्वनिमुद्रणात बिघाडाचा शब्द असा हवा की ऐकताच हात योग्य ठिकाणी जावा. ‘घुमतो’ ऐकून हात कुठे न्यायचा? खोलीकडे, मिक्सरकडे, वायरीकडे की भोंग्याकडे? तेव्हा शब्द वेगळे करण्याआधी बिघाड वेगळे करू.

पहिला आणि खेड्यात सर्वांत जास्त भेटणारा म्हणजे रिव्हर्ब. याला शाळेच्या विज्ञानात चांगला शब्द आहे, निनाद. भिंती, फरशी आणि छत यांवरून आवाज पुन्हा पुन्हा परततो आणि ती सारी परतफेड मूळ आवाजाला चिकटून येते, म्हणून वेगळी ऐकू येत नाही. टिनाचे छप्पर आणि खाली गुळगुळीत फरशी असलेला सभामंडप हे याचे माहेरघर. ओळखायचे असे : मंडप रिकामा असताना एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट असेल तर निनाद आहे. तो नंतर काढणे फार अवघड, कारण शेपटीत तेच सूर असतात जे गाण्यात आहेत. खालचे सूर कापून तो जात नाही. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. फिल्टर तिथवर चढला की आवाजाचा गाभा जातो आणि शेपूट राहते. तुमचा आवाज पातळ झाला तो असाच.

उपाय घेतानाच करायचा. माईक तोंडाजवळ न्या. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि बंद मंडपात निनाद मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दोन हातांवरचा माईक एका हातावर आणला तरी मोठा फरक पडतो. बोलणाऱ्याच्या मागे आणि बाजूला गोधड्या, सतरंज्या, गाद्या टांगा. भिंतीला चिकटवून नकोत, चार बोटे सोडून. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. वेचणीनंतर कापूस भरून ठेवलेली खोली आवाज शोषायला उत्तम. शेतीच्या व्हिडिओचे मागचे बोलणे तिथे रेकॉर्ड केले तर निनाद जवळजवळ उरत नाही. तिथे हॅलोजनसारखा तापणारा दिवा मात्र कधीही लावू नका. कापूस पेट घ्यायला वेळ लागत नाही.

दुसरा इको, म्हणजे प्रतिध्वनी. यात शब्द दुसऱ्यांदा सुटा ऐकू येतो. त्यासाठी परतणाऱ्या आवाजाला सुमारे ०.१ सेकंद उशीर व्हावा लागतो, म्हणजे भिंत किमान १७ मीटरवर हवी. छोट्या देवळात असा प्रतिध्वनी होऊ शकत नाही. तरीही भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘विठ्ठल… ठ्ठल… ठल’ असे ऐकू आले, तर पहिला संशय मिक्सरवरच्या ‘इको’ लिहिलेल्या बटणावर घ्या. भजनाला भारदस्तपणा यावा म्हणून साउंडवाले ते फिरवून ठेवतात. समोर बसलेल्यांना ते गोड वाटते, व्हिडिओत शब्द बुडतात. त्यांना ‘घुमणं कमी करा’ म्हटले की ते भोंग्याचा आवाज कमी करतील. ‘इको शून्यावर आणा’ म्हटले की काम होईल. दुसरे कारण दोन भोंग्यांचे. एक जवळ आणि दुसरा ३४ मीटर पलीकडे असेल, आणि माईक प्रेक्षकांत ठेवला असेल, तर दुसऱ्या भोंग्याचा आवाज ०.१ सेकंद उशिराच पोचणार. तिथे मिक्सरमधून थेट वायर घेणे हाच उपाय.

तिसरा हम. डीपीजवळ, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, उभे राहिल्यावर येते ती ‘घूंऽऽ’ याच जातीची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हम ५० वर आणि त्याच्या पटीत १०० वर, १५० वर बसतो. याची मोठी खूण अशी की कोणी बोलत नसतानाही तो एकाच सुरात चालू असतो. निनाद बोलणे थांबल्यावर मिटतो, हम मिटत नाही. कॅमेऱ्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम गेला तर दोष बहुधा मिक्सर आणि कॅमेरा यांच्या दोन वेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये आहे. मिक्सर आणि कॅमेरा एकाच बोर्डावर घ्या किंवा कॅमेरा बॅटरीवरच ठेवा. नाही गेला तर माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर धावते काय ते पाहा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. लांब पल्ल्याला तीन पिनांची एक्सएलआर वायर घ्या. काही जण हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. तसे करू नका. माईक धरणाऱ्या माणसाला शॉक लागू शकतो, आणि तो जीवघेणा असू शकतो.

हमसाठी शब्द? ‘गुणगुण’ फार गोड आहे, ‘भणभण’ माशांची आहे. मी ‘विजेची घूं’ सुचवतो. ऐकणाऱ्याला वीज म्हटल्याबरोबर वायर आठवते.

चौथा फीडबॅक. भोंग्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो वाढून पुन्हा भोंग्यातून येतो, पुन्हा माइकमध्ये. वरच्या सुरात झाले की शिट्टी, खालच्या सुरात झाले की हूंऽऽ करत चढत जाणारा आवाज, आणि लोक त्यालाही घुमणेच म्हणतात. ‘माईक शिट्टी मारतो’ आणि ‘माईक हुंकारतो’ हे दोन शब्दप्रयोग इथे पुरेसे आहेत. भोंगे माइकच्या पुढे न्या, माइकची पाठ भोंग्याकडे करा, न लागणारे माईक बंद ठेवा.

जाता जाता वऱ्हाडी-नागपुरी बोलीतल्या ‘-ून राहिला’बद्दल. प्रमाण मराठीतला ‘आवाज घुमतो’ नेहमीचेही सांगतो आणि आत्ताचेही. ‘घुमून राहिला’ म्हणजे या घडीला, या क्षणी. ‘कुलर लावला की माईक घूं करून राहिला’ या एका वाक्यात बिघाड, त्याची वेळ आणि त्याचे कारण तिन्ही येतात. तुमच्या टिपणात हे रूप बिनदिक्कत लिहा. ते अशुद्ध नाही, जास्त नेमके आहे.

आता ‘गेन’. खरा घोटाळा ‘आवाज वाढव’ या वाक्यात आहे. मराठीत साउंड, व्हॉइस, नॉइज आणि व्हॉल्यूम या चारही गोष्टींना आवाजच म्हणतात. ‘आवाज वाढव’ म्हटल्यावर एक जण गायकाला जोरात गायला सांगतो, दुसरा भोंगा वाढवतो, तिसरा गेन. गेन म्हणजे माइकमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत यंत्रात शिरताना किती वाढवायचा ते. व्हॉल्यूम म्हणजे बाहेर पडताना किती मोठा ऐकवायचा ते. यासाठी नवा संस्कृत शब्द घडवायची गरज नाही. आवक आणि जावक हे शब्द ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर आहेत, बाजार समितीत तर कापसाची आवक रोज कानावर पडते. गेनला आवक, व्हॉल्यूमला जावक आणि लेव्हलला पातळी म्हणा. ‘आवक कमी कर, जावक राहू दे’ हे कोणालाही समजेल. यंत्रावर ‘गेन’ लिहिलेले असते, म्हणून शिकवताना दोन्ही शब्द सोबत वापरा.

आवकेची पातळी ठेवायची किती? डिजिटल मीटरवर शून्य हे छत आहे, वर जागाच नाही. बोलण्याची टोके, म्हणजे मीटर सर्वांत वर चढतो त्या जागा, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. खंजिरीची गोष्ट वेगळी. थाप क्षणात चढते आणि क्षणात उतरते. चाचणीच्या वेळी वाजवणारा हळू वाजवतो आणि भजन रंगात आले की दुप्पट जोर लावतो. म्हणून चाचणीत खंजिरीची टोके उणे १८ वर ठेवा. कॅमेऱ्यातला ऑटो गेन बंद करा. तो चालू असला की थाप पडताच आवक खाली ओढतो आणि दोन कडव्यांमधल्या शांततेत पंख्याची घरघर वर आणतो. याला ‘आवाज फुगणे’ म्हणावे.

टोके छताला आपटली की ‘आवाज फाटतो’. हा शब्द जसाच्या तसा ठेवा. डिस्टॉर्शनला याहून चांगला शब्द मला मिळालेला नाही. फक्त तो कुठे फाटला ते जोडा. व्हिडिओ अगदी कमी आवाजात लावूनही फाटलेला ऐकू आला तर तो आवकेत फाटला, आणि ते नीट शिवता येत नाही. मोठा केल्यावरच फाटत असेल तर जावकेचा म्हणजे स्पीकरचा दोष, रेकॉर्डिंग शाबूत आहे. मिक्सरची लाइन आउट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या आवाजाची जोडणी, कॅमेऱ्याच्या माइकच्या खाचेत सरळ घातली की हमखास फाटतो, कारण लाइनचा विद्युतदाब माइकच्या विद्युतदाबाच्या शेकडो पट असतो. मध्ये पॅड म्हणजे दाब उतरवणारी जोडणी लावा, किंवा रेकॉर्डरच्या लाइन इनमध्ये घ्या.

उरलेले शब्द थोडक्यात. कपड्याला कॉलर माईक घासला तर ‘खसखस’, वायर सैल असली तर ‘खरखर’, आवक फार वाढवल्यावर मागे येते ती ‘सूं’. वायर हलवल्याने बदलली ती खरखर, मान हलवल्याने बदलली ती खसखस. इंग्रजीत ज्याला पॉप म्हणतात त्याला ‘फुंक’ म्हणा. मराठीत तिचा त्रास जास्तच, कारण आपल्याकडे महाप्राण व्यंजने भरपूर : ‘भाऊ’, ‘फवारणी’, ‘धुरा’, ‘खत’. शेतीच्या व्हिडिओत हे शब्द दर वाक्याला येतात. माईक तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, गालाच्या बाजूला तिरपा धरा. श्वासाचा झोत पुढून निघून जातो. वावरात वारा असेल तर त्यावर केसाळ टोपी हवीच. नुसता फोम थोडाच वारा अडवतो.

‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द मात्र सूचनांमध्ये टाळा. वर्तमानपत्रात तो कधी माइकसाठी येतो, कधी लाउडस्पीकरसाठी. ‘ध्वनिक्षेपक पुढे घ्या’ वाचून कोणी माईक भोंग्यासमोर नेला तर शिट्टी ठरलेली. माईक आणि भोंगा हे दोन्ही शब्द स्वच्छ आहेत.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. दोन्ही लिहावे, आपापल्या जागी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो : मीठ, पण मिठाचा. त्याच चालीने एकटा असेल तेव्हा ‘माईक’, प्रत्यय लागला की ‘माइकचा’, ‘माइकला’, ‘माइकपाशी’.