सर्वोच्च न्यायालयात जावे का?

प्रश्न : सांगलीत आमची हळदीची भागीदारी पेढी आहे. आयकर खात्याने नामंजूर केलेल्या खर्चावरून आम्ही न्यायाधिकरणात आणि आता मुंबई उच्च न्यायालयातही हरलो. मागणी 18 लाखांची आहे. पुढे दिल्लीला जावे का?

उत्तर : प्रथम निकालाची तारीख पाहा, कारण विशेष अनुमती याचिकेसाठी (म्हणजे सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जासाठी) उच्च न्यायालयाच्या निकालापासून 90 दिवसांचीच मुदत असते. घटनेच्या अनुच्छेद 136 खालील ही अनुमती आपला हक्क नसून न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे. पावत्या खऱ्या की खोट्या, खर्च धंद्याचा की घरचा, अशा वस्तुस्थितीच्या वादात न्यायाधिकरणाचा निष्कर्ष सहसा अखेरचा मानला जातो, आणि आपण पाठवलेल्या निकालपत्रातही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवत नाही, असेच उच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसती याचिका दाखल केल्याने वसुली थांबत नाही. थकबाकीवर दरमहा 1 टक्का व्याज चढत राहते, म्हणजे 18 लाखांवर वर्षाला 2 लाख 16 हजार रुपये, शिवाय ज्येष्ठ वकिलांची फी वेगळी. खुद्द आयकर खातेही 2024 पासून, काही अपवाद वगळता, 5 कोटींपर्यंतच्या वादात सर्वोच्च न्यायालयात जात नाही.

मात्र याच कायदेशीर मुद्द्यावर दुसऱ्या उच्च न्यायालयाने करदात्याच्या बाजूने निर्णय दिला असेल, तर चित्र पालटते. तसा निर्णय आहे का, हे आपल्या वकिलांकडून या आठवड्यातच लेखी घ्यावे.