गोव्यात राहून स्वतंत्र स्टोनर रॉक बँड चालवणं कसं असतं? त्यावर पोट भरतं का?

तुम्ही सावंतवाडीचे, नोकरीसाठी गोव्यात येताय, स्टोनर रॉकचं, म्हणजे जड आणि संथ गिटारच्या संगीताचं, वेड आहे, आणि विचारताय की अशा बँडमधलं आयुष्य कसं असतं, त्यावर घर चालतं का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: नाही चालत. आम्ही तिघं आहोत. मी गिटार वाजवतो आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. ड्रमर मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. बास वाजवणारा मित्र टॅक्सी चालवतो. बँडमधून जे येतं ते तारा, केबली, वीजबिल आणि रेकॉर्डिंग यांतच जातं, वर खिशातूनही घालावं लागतं.

याचं मला वाईट वाटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याकडचं गावातलं नाटक आहे. फोंडा, डिचोली, पेडणे, सांगे, कुठेही जा. जत्रेला नाहीतर काल्याला गावच्याच लोकांनी बसवलेलं मराठी नाटक असतं. दिवसभर कामं करून आलेली माणसं रात्री देवळाच्या अग्रशाळेत तालमी करतात, पडदे आणि कपडे भाड्यानं आणतात, वर्गणी काढतात, आणि प्रयोग बहुतेक वेळा एकच होतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवं नाटक. माझे वडील पंचायतीत कारकून होते आणि आयुष्यभर अशा नाटकांत कामं करत आले. नाटकावर पोट भरतं का, असं त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पण तालमीला उशीर झाला तर दिग्दर्शक सगळ्यांसमोर झापायचा, आणि वडील ते खाली मान घालून ऐकायचे. बँडकडे मी त्याच नजरेनं बघतो. हौसेनं केलेली गोष्ट कमी कसाची असते, हे मला कधीच पटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, गोव्यात तर पावलोपावली लाइव्ह म्युझिक आहे. आहे, पण किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटना जेवता जेवता बोलता येईल असं संगीत हवं असतं. एक गायक, लॅपटॉपवरचे ट्रॅक, ओळखीची गाणी. ते कष्टाचं काम आहे, गोव्यातले कितीतरी तयारीचे वादक त्यावर घर चालवतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण अकरा मिनिटांचं गाणं, ज्यात चौथ्या मिनिटापर्यंत कुणी तोंडच उघडत नाही, ते तिथं बसत नाही. बसवायला जाल तर आधी गाणं लहान कराल, मग आवाज कमी कराल, मग वेग वाढवाल, आणि शेवटी हातात काही उरणार नाही. म्हणून आमचा एकच पक्का निर्णय आहे: पैशासाठी दुसरं संगीत वाजवायचं असेल तर ज्यानं त्यानं बाहेर वाजवावं, बँडच्या नावावर नाही.

कार्यक्रम मोजकेच होतात. गोव्यात, कधी बेळगाव, कधी पुणे, कधी बंगळूर. बंगळूरला या संगीताचे जाणकार श्रोते आहेत. 'बेव्हर सी'सारखा बँड तिथलाच. गोव्यात वाजवायचं तर घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. ध्वनिप्रदूषण नियम, २०००प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सणा-उत्सवांसाठी असतात, आपल्यासाठी नाही. म्हणून आम्ही सातला सुरू करतो आणि साडेनऊला सामान आवरायला घेतो. बरेच वादक या नियमावर चिडतात. मी चिडत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी रात्र रात्र भिंती थरथरताना सोसलं आहे.

खरा प्रश्न कार्यक्रमांचा नाही, खोलीचा आहे. या आयुष्याचा नव्वद टक्के भाग तालमीच्या खोलीत जातो. खोली मिळाली तर बँड टिकतो, नाहीतर मोडतो. आम्हाला माशेलच्या बाजूचं माझ्या आजीचं बंद पडलेलं घर मिळालं. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं. भिंती आवाज बऱ्यापैकी अडवतात, कौलं अजिबात नाही.

इथं थोडं तांत्रिक सांगतो, कारण नवे लोक पैसे नेमके इथंच घालवतात. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमी ८२ हर्ट्झला लावलेली असते. आम्ही ती 'सी' या स्वरापर्यंत, म्हणजे ६५ हर्ट्झला उतरवतो. बास त्याच्या निम्मा, ३३च्या आसपास. ६५ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी पाच मीटरांहून जास्त असते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून ती लहर अडत नाही. ट्रे फार तर ड्रमसेटच्या सिंबलची (झांजांची) किणकिण जरा मऊ करतात. खालचा आवाज अडवतं ते मुख्यतः वजन. आम्ही कौलांखाली जिप्सम बोर्डाचं दुहेरी छत घातलं, मध्ये पोकळी ठेवली, दाराला जाड फळी आणि कडेनं रबर लावलं. बहुतेक काम स्वतःच केलं. तार चार अर्धस्वर खाली आणली की तिचा ताण सुमारे ३७ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे नेहमीच्या १०च्या सेटवर (ज्यात सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाड असते) ती लोंबायला लागते. १२ किंवा १३चा सेट घ्या. आणि १०० वॉटच्या ॲम्पसाठी कर्ज काढू नका. ५० वॉटपेक्षा तो फक्त ३ डेसिबल जास्त देतो, आणि पाठीला त्रास मात्र पुरेपूर देतो.

छत घातलं तरी शेजाऱ्यांना कळतंच. त्यांच्याशी आमचं ठरलेलं आहे: दुपारी दोन ते चार वामकुक्षीच्या वेळी एक ठोकाही नाही, रात्री आठला बंद, दहावी-बारावीच्या परीक्षांत सुट्टी, आणि वाड्यावर कुणाकडे सुतक असेल तर तितके दिवस खोलीला कुलूप. शेजारच्या काकींनी सुरुवातीला तक्रार केली होती. आता त्या ड्रमरला विचारतात, "या आठवड्यात तुमची तालीम का नाही?"

या संगीताचा जन्मच अडचणीतून झालाय, म्हणून खोलीचं एवढं सांगतो. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. त्यानं बोटांना टोपणं चढवली, पुढे तारा सैल केल्या, आणि १९७१पर्यंत तो खोल, जड आवाज तयार झाला. मी रोज यंत्रांजवळ उभा राहतो, त्यामुळे ही हकिकत मला फार जवळची वाटते. पुढे कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टच्या पोरांना वाजवायला जागा नव्हती. ती जनरेटर घेऊन वाळवंटात गेली, तिथं 'कायस' बँड घडला. त्यांचा गिटारवादक गिटार बासच्या ॲम्पमधून वाजवायचा. आज ज्याला लोक स्टोनर रॉक म्हणतात त्याची मुळं या दोन ठिकाणी आहेत.

आमच्याकडे वाळवंट नाही, पाऊस आहे. जून ते सप्टेंबर किनारा थंडावतो आणि आमचं खरं काम सुरू होतं. बहुतेक गाणी पावसात झाली. त्याची किंमतही असते: जॅक गंजतात, गिटारची मान वाकते, स्पीकरचा कागदी कोन दमट होतो, केसच्या आतल्या मखमलीवर बुरशी येते. कपाटात पिवळा बल्ब पेटता ठेवतो, सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलतो. मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजांच्या संध्याकाळी सगळे प्लग काढून ठेवतो.

संथ वाजवणं ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. मिनिटाला साठ-सत्तर ठोके. दोन ठोक्यांमधली जागा मोठी असते आणि हात पुढे पळतो. आमचा ड्रमर चवथीच्या घुमट आरतीत वाढलेला, शामेळ आणि घुमट ही मातीची दोन्ही चर्मवाद्यं वाजवतो. त्याला ही जागा धरता येते. रेकॉर्डिंगमध्ये आम्ही घुमटाच्या अरुंद तोंडाजवळ माइक लावला. डावा हात ते तोंड झाकतो-उघडतो तेव्हा आतून जी हवा घुमते ती बासच्या खाली सुरेख बसते. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं आणि पावसात ते सैल पडतं. त्यामुळे प्रत्येक टेकआधी ते शेकावं लागे.

गाणी कशावर लिहायची, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. आम्ही आधी इंग्रजीत वाळवंट, ग्रह-तारे वगैरे लिहायचो, सगळे लिहितात तसं. मग बासवाल्यानं त्याच्या घरची गोष्ट मांडली. त्याच्या वडिलांचा लोहखनिजाच्या खाणीवर ट्रक होता. उसगाव-तिस्कच्या रस्त्यावर तेव्हा ट्रकांची रांग संपायची नाही. झाडं, घरं, वाळत घातलेले कपडे, सगळं लाल. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या धुळीनं शेतं आणि झरे खराब केले हे खरं, आणि ट्रक थांबल्यावर त्याच्या घरात काय झालं हेही खरं. त्या दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात आल्या, मराठीत. जड रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) कशासाठी असते ते मला त्या गाण्यामुळे समजलं. चढावर भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये जसा ओढतो, त्याच वेगानं ते गाणं चालतं.

गांजाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण 'स्टोनर' म्हणजे गांजा ओढणारा, आणि तुमच्या घरचे विचारतीलच. आमच्या खोलीत तो चालत नाही. १९८५चा अमली पदार्थ कायदा कडक आहे, घर आजीचं आहे, आणि अकरा मिनिटांचं गाणं तीन माणसांनी एकत्र धरायचं तर डोकं जागेवर लागतं. कुणी खासगीत काय करतो त्यात मी पडत नाही.

गाणी बाहेर काढणं आता सोपं आहे. १९८४ मध्ये गोव्याचा गायक रेमो फर्नांडिसनं शिवोलीतल्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळं स्वतः वाजवून कॅसेट केली आणि स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवली. आपल्याला ते एवढं कठीण राहिलेलं नाही. बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर टाका. डिजिटल विक्रीत त्यांचा वाटा १५ टक्के, वर पैसे वळते करण्याचं शुल्क, बाकी तुमचे. आमचे विकत घेणारे श्रोते बरेचसे युरोपातले आहेत, तिथं या संगीताचे स्वतंत्र महोत्सव भरतात. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नाव नोंदवा, गाण्यात कुणाचा किती हिस्सा ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून तिघांनी सह्या करा.

राहायला जागा शोधताना पणजीपेक्षा फोंड्याच्या बाजूला बघा, भाडं कमी आणि जुनी घरं जास्त. घर पसंत पडलं की मालकाच्या आधी शेजाऱ्यांना भेटा आणि काय वाजवणार आहात ते मोबाइलवर नाही, ॲम्प नेऊन ऐकवा. गिटारवाले इथं हवे तितके भेटतील. ड्रमर हवा असेल तर चवथीत घुमट आरतीच्या स्पर्धांना जाऊन बसा, आणि जो घाई करत नाही त्याला कार्यक्रमानंतर गाठा.