बांधकाम खर्चाचं पहिलं एस्टिमेट करतोयस? आधी क्वांटिटी (कोणतं काम किती) पक्की कर

रेट नंतर बघ रे, आधी ड्रॉइंग घेऊन मोजमाप नीट काढ, कारण नवीन माणसाचं एस्टिमेट बहुतेक क्वांटिटीतच फसतं. दारं-खिडक्या वजा करायच्या राहतात, कोपऱ्यात भिंत दोनदा मोजली जाते, युनिट गडबडतं (खोदाई घनमीटरमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, सळई किलोत). आणि १ घनमीटर ओल्या काँक्रीटला कोरडं मटेरियल (सिमेंट, वाळू, खडी मिळून) साधारण १.५४ घनमीटर लागतं, हे विसरलास की सिमेंट हमखास कमी पडणार.

मग एवढंच:
- वेस्टेज (वाया जाणारा माल) धर
- रेट ताजे घे, वाहतूक आणि माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी धरूनच
- कंटिन्जन्सी (अनपेक्षित खर्चाची तरतूद) वेगळ्या ओळीत दाखव, रेटमध्ये लपवू नको

सॉफ्टवेअर सध्या सोड, एक छोटी खोली एक्सेलमध्ये पूर्ण कर आणि मला दाखव, जमेल तुला.