गाणी तुमची, कपाट दुसऱ्याचं

संगणकात साठवलेली स्वतःची गाणी ऑनलाइन सेवेत कशी न्यायची आणि तिथे नेल्यावर होणारे घोळ कसे निस्तरायचे, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (सांगली) : माझ्याकडे सीडी आणि कॅसेटवरून उतरवलेली सुमारे ६,००० गाणी एमपीथ्रीमध्ये आहेत. ती फोनवर कुठूनही ऐकता यावीत, एवढंच हवंय. कोणती सेवा घेऊ?

आधी एक फरक लक्षात घ्या. 'तुमची गाणीही वाजवतो' असं सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाची रीत निराळी आहे.

यूट्यूब म्युझिकवर तुमची फाइल खरोखर चढते. १,००,००० गाण्यांपर्यंत मुभा आहे. एमपीथ्री, एमफोरए, फ्लॅक, ओजीजी आणि डब्ल्यूएमए चालतात. फोनच्या अ‍ॅपमधून चढवता येत नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये साइट उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी मारा आणि 'अपलोड म्युझिक' निवडा, किंवा फोल्डरमधली गाणी सरळ खिडकीत ओढून टाका. चढवलेली गाणी फक्त तुम्हालाच दिसतात. ती 'लायब्ररी'त 'अपलोड्स' या वेगळ्या कप्प्यात असतात. बहुतेकजण ती मुख्य शोधात धुंडाळतात आणि 'गाणी गेली' म्हणून घाबरतात.

अ‍ॅपल म्युझिकमध्येही मर्यादा १,००,००० गाण्यांचीच. पण ते आधी तुमचं गाणं त्यांच्याकडे आहे का ते बघतात. असेल तर स्वतःची प्रत देतात, नसेल तरच तुमची फाइल घेतात. सोय चांगली आहे, पण तिच्यातूनच एक दुखणं निघतं. त्याचा प्रश्न पुढे आला आहे.

स्पॉटिफाय तुमची फाइल घेतच नाही. संगणकावरच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'लोकल फाइल्स' सुरू करायच्या, फोल्डर दाखवायचा, ती गाणी एका प्लेलिस्टमध्ये घालायची. मग फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर ठेवून फोनवर ती प्लेलिस्ट डाउनलोड करायची. त्यासाठी प्रीमियम लागतं. फोनवर गाणी करडी दिसली, म्हणजे वाजेनाशी झाली, तर बऱ्याचदा कारण विंडोजच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) सापडतं: तिथे स्पॉटिफायला परवानगी दिलेली नसते. कधी फोन राउटरच्या 'गेस्ट' वाय-फायवर असतो.

तुमच्या गरजेला पहिली सेवा पुरेशी आहे. पाच मिनिटांचं गाणं २५६ केबीपीएसला (सेकंदाला २५६ किलोबिट, म्हणजे ध्वनीच्या दर्जाचं माप) साधारण साडेनऊ एमबी होतं, म्हणजे ६,००० गाणी जवळपास ५८ जीबी. १० एमबीपीएस अपलोड वेग असेल तर सलग तेरा तास लागतील. लॅपटॉपची 'स्लीप' बंद करा आणि एका वेळी दोन-तीनशे गाणीच टाका. हजार टाकली आणि मध्येच नेट गेलं, तर कुठलं चढलं नि कुठलं राहिलं हे शोधण्यात अख्खा रविवार जातो.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : नाट्यसंगीताचा संग्रह चढवला. एका अल्बमचे चौदा तुकडे झाले, काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत आणि काही ठिकाणी भलतीच रोमन अक्षरं. फाइलींची नावं तर मराठीत नीट लिहिली होती!

फाइलीच्या नावाकडे या सेवा फारसं बघत नाहीत. त्या वाचतात टॅग, म्हणजे फाइलीच्या पोटातली माहिती. गडबड तिथे आहे आणि ती चढवण्याआधीच दुरुस्त करावी लागते. यूट्यूब म्युझिकवर चढलेल्या गाण्याचे टॅग बदलता येत नाहीत. काढून पुन्हा चढवणं हाच मार्ग.

विंडोजवर 'एमपीथ्रीटॅग' हा मोफत प्रोग्रॅम घ्या. मॅक किंवा लिनक्सवर 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' मोफत आहे, पण मराठी कॅसेटी ओळखण्यासाठी त्याच्या माहितीसाठ्यावर विसंबू नका. हाताने भरलेलं बरं.

चौदा तुकडे का झाले? प्रत्येक पद निराळ्या गायकाचं आणि 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा. त्यामुळे चौदा गायकांचे चौदा अल्बम. सगळ्या फाइली एकदम निवडा आणि 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये एकच शब्द टाका, 'विविध' चालेल. 'आर्टिस्ट'मध्ये त्या त्या पदाचा गायक राहू द्या. एका फाइलीचा टॅग साधारण असा दिसावा:

टायटल : पदाचा मुखडा
आर्टिस्ट : प्रत्यक्ष गाणारा
अल्बम आर्टिस्ट : विविध
अल्बम : संगीत मानापमान
कंपोझर : गोविंदराव टेंबे
लिरिसिस्ट : कृ. प्र. खाडिलकर
इयर : रेकॉर्डिंगचं साल (नाटकाचं १९११ नव्हे)
ट्रॅक : ०३

कंपोझरची जागा इंग्रजी गाण्यांचा संग्रह असलेले लोक मोकळी सोडतात. आपल्याकडे संगीतकाराच्या नावावर गाणी शोधणारे निम्मे असतात, तेव्हा ती भराच.

आता नावं. 'वसंतराव देशपांडे', 'डॉ. वसंतराव देशपांडे', 'पं. वसंतराव देशपांडे' आणि रोमन लिपीतलं नाव हे यंत्राच्या लेखी चार वेगळे गायक. शिवाय 'पं.' लावत सुटलात तर यादीत सगळे पंडित 'प'खाली रांगेत उभे राहतात. उपाधी गाळा. आदर मनात असू द्या.

प्रश्नचिन्हं आणि भलती अक्षरं हे दोन वेगळे आजार आहेत. एमपीथ्रीटॅगमध्ये उघडल्यावरही 'विठ्ठल'च्या जागी प्रश्नचिन्हंच दिसत असतील, तर कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅमने देवनागरीला जागा नसलेल्या पद्धतीत टॅग लिहिला आणि मूळ अक्षरं कायमची गेली. ती पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. पण डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. तो परत मिळवता येतो. दोन्ही पुन्हा होऊ नये म्हणून एमपीथ्रीटॅगच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'टॅग्ज', मग 'एमपेग' इथे जाऊन आयडीथ्री व्ही २.३, यूटीएफ-१६ (टॅग लिहिण्याची देवनागरी पेलणारी पद्धत) हा पर्याय निवडलेला आहे ना, ते बघा. जुना आयडीथ्री व्ही १ टॅग काढून टाका. त्यात एका रकान्यात ३० बाइटच मावतात आणि देवनागरी धड लिहिता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फक्त आपल्या भाषेत छळते. 'वाऱ्यावर' मधला अर्धा 'र' दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्डवर खाली टिंब असलेल्या 'ऱ'पासून, काहींवर साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'किनाऱ्या' असे शब्द असलेली गाणी सापडत नसतील तर आधी हे तपासा आणि सगळी एकाच कीबोर्डवरून लिहा.

प्रश्न (डोंबिवली) : माझ्या संग्रहातलं गाणं लावलं की गाणं तेच, पण आवाज दुसऱ्याच गायकाचा येतो. असं कसं होतं?

जुळवणी चुकते तेव्हा. जिथे सेवा स्वतःची प्रत देते तिथे हा धोका आलाच, आणि मराठी संगीतात तो जास्त. कारण एकच गाणं आपल्याकडे आकाशवाणीवर, तबकडीवर आणि मैफलीत वेगवेगळं ध्वनिमुद्रित झालेलं असतं. गीतरामायणाचंच घ्या: १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर प्रसारित झालेली ५६ गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. पुढे बाजारात आला तो सुधीर फडक्यांच्या आवाजातला संच. शब्द तेच, चाल तीच. कुणाकडे रेडिओवरून टिपलेलं मूळ गीत असेल, तर ते जपायलाच हवं.

अ‍ॅपल म्युझिक वापरत असाल तर संगणकावर गाण्यांच्या यादीत 'क्लाउड स्टेटस'चा रकाना सुरू करा. 'मॅच्ड' लिहिलं असेल तर फोनवर त्यांची प्रत वाजते, 'अपलोडेड' असेल तर तुमची. संशयास्पद गाणी एकत्र करून कान देऊन तपासा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदांची शांतता जोडून फाइल नव्याने चढवण्याची युक्ती सांगितली जाते. ती लागू पडते असं नाही. दुर्मिळ ध्वनिमुद्रणं तुमचीच फाइल वाजवणाऱ्या सेवेत ठेवणं अधिक शहाणपणाचं.

आणि एक तंबी: संगणकावरची मूळ फाइल 'आता वर आहेच की' म्हणून पुसू नका. 'मॅच्ड' गाणं परत उतरवलंत तर हातात पडेल ती त्यांची प्रत.

प्रश्न (मिरज) : तीन तासांची मैफल एकाच फाइलमध्ये आहे. १२८ केबीपीएस असल्याने जेमतेम १७३ एमबी होते. तरी अ‍ॅपल म्युझिक घेत नाही.

तिथे दोन अटी आहेत: २०० एमबीच्या आत आणि दोन तासांच्या आत. पहिली तुम्ही पाळलीत, दुसरी नाही.

फाइल तोडावी लागेल. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा साठवली तर एमपीथ्री दुसऱ्यांदा दाबली जाते आणि १२८ला आधीच नाजूक झालेला तंबोरा आणखी किरकिरतो. विंडोजवर 'एमपीथ्रीडायरेक्टकट' वापरा, तो नव्याने न दाबता नुसती कात्री लावतो.

कात्री लावायची कुठे, हे रसिकाने ठरवावं. राग संपून टाळ्या आणि पुढच्या रागासाठी तंबोरे-तबला लावणं सुरू असतं, ती जागा. विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये कापू नका. एमपीथ्रीच्या तुकड्यांच्या सांध्यावर बारीकशी फट राहू शकते आणि नेमकी समेवर येताना ती खटकते. सत्तर मिनिटांचा राग असेल तर राहू दे अखंड. तुकड्यांना ट्रॅक क्रमांक द्या आणि अ‍ॅपमधलं 'क्रॉसफेड' (एक गाणं संपताना पुढचं त्यावर चढवणं) शून्यावर ठेवा, नाहीतर भैरवीच्या शेवटावर पुढचं काहीतरी येऊन बसतं.

प्रश्न (कोल्हापूर) : सेवा बदलायची आहे. चारशे गाण्यांच्या प्लेलिस्ट पुन्हा हाताने करायच्या का?

नाही. साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिक यांसारख्या सेवा यादी हलवतात. मोफत वापरात गाण्यांच्या संख्येवर बंधन असतं, म्हणून मोठी यादी तुकड्यांनी न्या. हलते ती फक्त यादी. तुम्ही स्वतः चढवलेली किंवा 'लोकल' गाणी तिच्यासोबत येत नाहीत.

गायकाच्या नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येक सेवेत निराळं असल्याने मराठी गाण्यांत गळती जास्त होते, आणि कधी मूळ गाण्याच्या जागी कराओके येऊन बसतं. हलवण्याआधी यादी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवून घ्या (स्पॉटिफायसाठी एक्स्पॉर्टिफाय आहे), मग नवी यादी तिच्याशी ताडून बघा. जुनं सदस्यत्व महिनाभर तरी चालू ठेवा. ही सीएसव्ही दर सहा महिन्यांनी काढलीत तर आणखी चांगलं: गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं, एअरटेलचं विंक म्युझिक २०२४ मध्ये.

प्रश्न (न्यू जर्सी) : भारतात असताना केलेल्या यादीतली बरीच मराठी गाणी इथे करडी दिसतात.

गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे असतात, आणि तुम्हाला काय ऐकू येणार हे खात्याच्या देशावर ठरतं. देश बदलला की काही गाणी मालवतात. पण सगळी हक्कांमुळे नसतात. कंपनीने तोच अल्बम नव्याने टाकला की जुनी नोंद मरते. गाण्याचं नाव पुन्हा शोधा, बऱ्याचदा शेजारीच जिवंत प्रत असते. स्पॉटिफायचं मोफत खातं परदेशात १४ दिवसच चालतं, पुढे देश बदलावा लागतो. पुण्यातल्या आईबाबांना तिथल्या फॅमिली प्लॅनमध्ये घालण्याचा विचार असेल तर तो सोडा, सगळे एका पत्त्यावर राहणारे असावेत ही अट आहे.

प्रश्न (नाशिक) : कोणाच्याच दारात जायचं नाही. घरातून स्वतःच ऐकवण्याची सोय होते का?

होते, आणि वाटते तेवढी अवघड नाही. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) किंवा जुना लॅपटॉप, त्यावर 'नॅविड्रोम' हा मोफत प्रोग्रॅम आणि गाण्यांचा फोल्डर. घरच्या वाय-फायवर ब्राउझरमध्ये त्या यंत्राचा पत्ता आणि पुढे ४५३३ हा पोर्ट (त्या यंत्रावरच्या प्रोग्रॅमचा दार-क्रमांक) दिला की संग्रह समोर येतो. फोनसाठी 'सबसॉनिक' पद्धत समजणारं कोणतंही अ‍ॅप चालतं. अँड्रॉइडवर सिम्फोनियम चांगलं आहे, थोडे पैसे पडतात. घराबाहेरून ऐकायचं तर राउटरमध्ये पोर्ट उघडण्याच्या फंदात पडू नका. अनेक ब्रॉडबँडवाले एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांत वाटतात, तिथे ते चालतच नाही. आपली यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारा 'टेलस्केल' हा प्रोग्रॅम त्या यंत्रावर आणि फोनवर, दोन्हीकडे बसवा.

गाणी पायच्या मेमरी कार्डावर ठेवू नका. वीज जाते-येते तिथे आधी मरतं ते कार्ड. यूएसबी हार्ड डिस्क जोडा, राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि त्या डिस्कची दुसरी प्रत कपाटात, शक्यतो दुसऱ्या घरच्या कपाटात ठेवा.